सांडलेला चहा

चिमीच्या आईस,

हे पत्र मी पाठवणार नाही. "मी सांगत नव्हते?" असं तू म्हणशील.

तुझ्याकडे चिमी दूध सांडते आणि दोघी खिदळता, असं तीच सांगते. मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा. मला सगळं जागच्या जागी लागतं. शनिवार-रविवारी इथे आली की ती पेला दोन्ही हातांनी धरते, श्वास रोखून.

आज मी मुद्दाम स्वतःचा चहा टेबलावर सांडला. म्हटलं, बाबाचा वेंधळेपणा बघून हसेल तरी. धावत जाऊन तिनं फडकं आणलं, टेबल लख्ख पुसलं. मग खाली मान घालून म्हणाली, "सॉरी बाबा, परत नाही होणार."

मी ओरडलोसुद्धा नव्हतो गं.

चिमीचा बाबा