आजोळची वाकळ, मशीनच्या टाक्याची

३ जानेवारी १९८४
सुनीला आठवा लागला म्हणून तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, कागलहून बघायला आल्या. चहा संपायच्या आत विषय काढलाच. "पहिलं बाळ हाय. वाकळ आजोळची पायजे, हाताच्या धावदोऱ्याची. मशीनची वाकळ म्हंजे बाजारची चादर. तीन धुण्यांत इस्कटती." बोलताना माझ्या उजव्या हाताकडं बघत होत्या. कडबाकुट्टीत दोन बोटं गेली, सुई धरता येत नाही, त्यांना ठाऊक आहे. वर म्हणतात, "शेजारणीकडनं शिवून घ्या की!"
शेजारीण का म्हणून? आजी मी होणार. मशीनला पाय लागतात, ते दोन्ही शाबूत आहेत. गल्लीभरच्या साड्यांना पिको करते ते काय तोंडानं?

५ जाने.
ठरलं. जुन्या लुगड्यांचे थर, वर कापलेली फुलं, एक पोपट. फुलं जागेवर धरायची कशी? कोपऱ्यावर शर्ट शिवणाऱ्या दस्तगीरमामांना विचारलं. "दोन कापडांच्या मधी पातळ प्लास्टिक घाल, वर पेपर ठेव आन् इस्त्री फिरव. आगाऊ पावण्यागत चिकटून बसतंय, हालत न्हाय बघ."
केलं. बसलं!

८ जाने.
घात. पोपट निळा पाहिजे म्हणून माझी नायलॉनची साडी कापली. इस्त्री टेकवली आणि पोपट आकसून एवढासा झाला. सुनी पोट धरून हसते, "आई, पोपट भाजलास की गं!"
साडी गेली ती गेली. इस्त्री खरवडायला दुपार गेली. आता फक्त सुती.

११ जाने.
मधलं तांबडं फूल चिकटवलं, कडेच्या जरा आतून सरळ टीप मारली. सुबक दिसलं. मग शहाणपण सुचलं, तसाच एक तुकडा शिवून मोरीत धोपाटण्यानं बडवला. कडेचे दोरे सगळे बाहेर. म्हणजे वि.बाईंचं म्हणणं खरं होणार?
नाही होऊ देणार. स.टी. बाद.

१४ जाने.
मशीनचा झिगझॅग लावला. दाट, काज करतात तसा. मजबूत, पण कड काडीसारखी ताठ. सुनीच्या गालावर घासून बघितलं. "बोचतंय." मोठ्या बाईला बोचतंय तर बाळाचं काय? बाद.
रुंद केला तर कापड चुण्या खातंय. तोही बाद. आज पाच साड्या पिकोला आलेल्या, तशाच राहिल्या. बायका बोलल्या. बोलू देत.

१७ जाने.
सापडला! झि. अरुंद, टाके ना दाट ना विरळ, दोरा पिकोचा बारीक. सुई एकदा फुलावर, एकदा कडेच्या अगदी बाहेर. तुकडा तीनदा धुतला, दगडावर आपटला. हूं नाही की चूं नाही. गालालाही मऊ.
तांबडं फूल तेवढं सरळ टिपेचं राहिलंय. उसवायला घेतलं तर भोकं दिसतात. राहू दे, कोण बघतंय.

१९ फेब्रु.
मुलगी! नाक सुनीचं. वाकळ कालच पुरी झाली.

१ मार्च
बारसं. वि.बाईंनी भरल्या घरात वाकळ उलगडली, प्रत्येक फुलाच्या कडेवरनं नख फिरवलं. "मशीनचीच केलीसा न्हवं?"
"व्हय. मशीनची. मी केली."
"आन् सुटली फुलं तर?"
"तर परत पाठवा. पर आदी धुऊन बघा."
वि.बाईंनी वाकळ घडी घालून पिशवीत टाकली. "धुते की. मीच धुते." नातीला त्यांनी आणलेल्या दुपट्यावर निजवलं.
लई राग आला. रडूही आलं, ते मोरीत जाऊन. बाहेर आले ती हसत. त्यांना दिसू देते होय!

२२ एप्रिल
सुनी आणि बाळ कागलला गेली. घर खायला उठतंय. वाकळ तिकडं पिशवीतच असणार. असू दे.
रोज ते तांबडं फूल मात्र डोळ्यापुढं येतं. तेव्हाच काढून टाकायला पाहिजे होतं. आळस नडला.

९ मे
सुनीचं कार्ड. दोनदा वाचलं.
"आई, वाकळ तीनदा धुतली. सासूबाई स्वतः बडवतात, अंगात आल्यासारखं. बाकी सगळी फुलं जशीच्या तशी. मधलं तांबडं तेवढं एका बाजूनं सुटलं. मी घाबरले. सकाळी बघते तर त्यावर हातटाके घातलेले. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आईला कळवू नको, डोक्यावर बसंल. बाळ आता त्याच वाकळेवर निजतं."
बसणारच डोक्यावर!
पण त्यांचे टाके कसले असतील? हे लांबलांब असतील. डोळ्यानं कमी दिसतं त्यांना, चष्मा लावत नाहीत. तरी ओवलीच सुई.
रविवारी कागलला जाते. पिकोचा दोरा आणि उसवायचं पातं पिशवीत घातलंय. ते टाके उसवायचे का ठेवायचे, बघितल्यावर ठरवीन.