नेसच्या डोंगरावरची खोटी आग

मी, सिवर्ट टॉर्केलसन, वय सत्तेचाळीस, राहणार नेस, हे स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं पाद्रीबुवांना विचारावं. माझ्या चेष्टेच्या गाण्यांचा त्यांना भरपूर अनुभव आहे. छातीत पाणी झालं आहे आणि हेरिंग मासे किनाऱ्याला लागण्याआधी मी जाणार हे ठरलेलं आहे. दडपण कोणाचंही नाही, बायकोचं सोडून. ऑसा म्हणाली, "लिहायचंच तर खरं लिहा, नाहीतर कागद वाया घालवू नका."

खरं एवढंच आहे की गुन्नवाल हाउगे याच्या नावावरचा डाग पुसायला मी हे लिहितो आहे. ते पाचव्या कलमात येईल. आधी सामान संपवतो.

एक. जमीन आणि घर थोरल्या ऐलिवला. ते वंशाच्या हक्कानं त्याचंच आहे, त्यामुळे माझ्या उदारपणाचं कौतुक करू नये.

दोन. ऑसाला चुलीजवळची खोली, दोन गाई, सहा मेंढ्या आणि दरसाल पुरतील इतके ओट व सुकवलेला मासा. सूनबाईंनी लोणी देताना सुरी पातळ धरू नये.

तीन. सुतारकामाची हत्यारं ऑसाच्या भावाला, मोन्सला. निम्मी नऊ वर्षं त्याच्याकडेच आहेत. उरलेली येऊन न्यावीत, म्हणजे जोड्या लागतील.

चार. माझी गाणी कोणी कुठेही गावीत. फक्त गुन्नवालवरचं गाणं कोणी गाऊ नये. गायलंच कोणी, तर ऐलिवनं त्याला उंबऱ्याबाहेर काढावं, मग तो पाहुणा कितीही मोठा असो.

पाच. सतराशे अठराच्या मार्चमध्ये स्वीडनशी लढाई चालू होती आणि शत्रूची जहाजं कधीही येतील अशी धास्ती होती. नेसच्या डोंगरावर इशाऱ्याच्या आगटीचा पहारा गुन्नवाल आणि माझ्याकडे होता. तिथल्या खोपीला दक्षिणेकडे जाड फळीत कोरलेलं एक भोक आहे. त्यातून फक्त स्टोरेन डोंगराचा माथा दिसतो आणि त्याच्यावरची आगटी. भोकातून जाळ दिसला तरच आपली पेटवायची. इतर कुठेही दिसलेला जाळ म्हणजे कोणाचा तरी स्वयंपाक.

दिवस मावळत होता. भोकाशी पाळी गुन्नवालची होती. मी लघवीला बाहेर पडलो आणि दक्षिणेला लाल जाळ पाहिला. तो स्टोरेनच्या अलीकडच्या उतारावरचा होता. मेंढ्यांना कोवळं चरायला मिळावं म्हणून मार्चमध्ये आम्ही सगळेच माळावरची जुनी झुडपं जाळतो. मी स्वतः आदल्या आठवड्यात जाळली होती. पण आत जाऊन भोकातून बघावं हे सुचलं नाही.

"गुन्नवाल! पेटली रे, पेटली!"

जरा वेळानं तो पेटती चूड घेऊन बाहेर आला. डांबर लावलेले ओंडके एका श्वासात पेटले. मग उत्तरेचा डोंगर पेटला. त्याच्यापुढचा पेटला. नंतर एक ठिणगी, नंतर ठिणगीचा भास, आणि त्याच्याही पलीकडे कोणीतरी उठून धावत असणार हे कळत होतं. मी उभी हयात पाद्री, फौजदार आणि राजाच्या वसुलीवाल्यांवर हसलो आहे. त्या संध्याकाळी मात्र मी टोपी काढून उभा राहिलो. एवढा मोठा देश, आणि तो माझ्या हाकेला ओ देत होता.

खाली तर त्याहून मोठं घडत होतं. खाडीच्या दोन्ही काठांनी माणसं निघाली, कुऱ्हाडी, कोयते, गंजक्या बंदुका घेऊन. सगळ्यांत आधी पोचला मोन्स, एकटा वल्हं मारत, तळहात फुटलेले. आयुष्यभर मीठसुद्धा मोजून देणारा माणूस मरायला तयार होऊन आला होता. त्याच्याकडच्या निम्म्या हत्यारांबद्दल मी पुन्हा कधी विचारलं नाही.

शत्रू आला नाही. दुसऱ्या दिवशी फौजदार आला.

"भोकाशी कोण होतं?"

"मी," गुन्नवाल म्हणाला.

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. चांगले बूट होते.

ज्याचे डोळे फसतात त्याला होडीत कोण घेणार? तीन हिवाळे तो खडकावर बसून गळ टाकतो आहे. आणि मी त्याच्यावर गाणं रचलं, कारण रचलं नसतं तर लोकांना माझाच संशय आला असता. ते तीन लग्नांत गायलं गेलं. त्यातल्या एका लग्नात तो पंक्तीत बसला होता.

सहा. हे पाचवं कलम मी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या टेकडीवर, लोक प्रार्थनेहून बाहेर पडताना, मोठ्यानं वाचावं.

सात. माझी चार वल्ह्यांची होडी, जाळ्यांसकट, गुन्नवालला.

पुरवणी. एवढं लिहून काल गुन्नवालला बोलावलं आणि सगळं वाचून दाखवलं. तो टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता.

"होडी गळते का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग खरंच मरतोयस तू."

त्यानं टोपी गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवली.

"सिवर्टा, तू ओरडलास तेव्हा मी भोकाशीच होतो. बघितलं मी. स्टोरेनवर काळोख होता."

"मग चूड कशाला आणलीस?"

"अकरा वर्षं त्या भोकाला डोळा लावला रे. आपल्यानंतरचा डोंगर पेटतो की नाही, त्याच्यापुढचा पेटतो की नाही, कोणी बघितलंय? म्हटलं, एकदा बघू."

"आणि फौजदारासमोर माझं नाव का नाही घेतलंस?"

"खोटं काय बोललो? भोकाशी मीच होतो. आणि जे बघितलं, त्याच्यापुढे खडकावर बसणं काही जास्त नाही."

चुलीपाशी बसलेली ऑसा उसळली. "दोघंही गाढव! याच्याच घरची म्हातारी त्या संध्याकाळी शत्रूच्या भीतीनं एकुलती गाय ओढत डोंगर चढली. तिला जाऊन सांगा, आम्हाला मजा बघायची होती म्हणून!"

"सांगतो, वहिनी," गुन्नवाल म्हणाला. "टेकडीवर, सगळ्यांसमोर. सिवर्टा, मला अर्धा धुऊ नकोस. सगळं लिही."

"मग होडीत कोण येईल तुझ्या?"

"नाही आलं तर एकटा वल्हवीन."

म्हणून टेकडीवर पाचव्या कलमाच्या शेवटी हेही वाचावं: आग आम्ही दोघांनी लावली. मी न बघता लावली आणि गुन्नवालनं बघून लावली. त्याबद्दल लोकांनी त्याला हवं ते म्हणावं. पण त्याचे डोळे फसले नव्हते. त्या संध्याकाळी सगळ्या किनाऱ्याला आग दिसत असताना काळोखाला काळोख म्हणून ओळखणारा माणूस तो एकटा होता. सुकाणूवर कोणाला बसवायचं ते आता गावानं ठरवावं.

मुक्काम नेस, ता. ९ ऑक्टोबर १७२१.

सही: सिवर्ट टॉर्केलसन

पुरवणी ऐकली, कबूल: गुन्नवाल हाउगे, सहीऐवजी त्याच्या घराची निशाणी, स्वतःच्या हातानं काढून.

साक्षीदार:
लॉरिट्स फिन्ने, चर्चचे कारकून
मोन्स अस्लाकसन, नेसच्या पैलतीरचा. (सही करून म्हणाला, "गुन्नवालच्या होडीत पहिलं वल्हं माझं.")