ओल्या सुताचा बडग्या

२८ ऑगस्ट १९६९, गुरुवार

भागीरथाचा माग बंद आहे. आज तिसरा दिवस.

बघायला गेलो नाही, ऐकलं. सकाळी ओसरीवर चहा घेऊन बसलं की गल्लीतले अठराही माग मला वेगवेगळे ऐकू येतात. हा देवळाशेजारचा, सदा घाईत. तो कोपऱ्यावरचा — कालची उतरली नाही अजून! भागीरथाचा मात्र सरळ, एकसुरी. नवरा गेल्यापासून सात वर्षं कधी चुकला नाही. कांताबाईला म्हटलं तर म्हणते, "तुमचे कान हायेत का टेलिफोनच्या तारा?" बायको आहे, बोलणार.

२९ ऑगस्ट

गेलो भागीरथाकडे. माग झाकून ठेवलेला. सूत संपलं म्हणते.

"सोसायटीनं गठ्ठा देल्ला होता ना वं?"

"देल्ला होता भाऊ. लुगडं हातभर कमी भरलं. मंग दुसरं बी कमी. सूत आटते का कधी?"

सूत आटत नाही. पाणी आटतं. नऊ वर्षं विणकर सोसायटीचा अध्यक्ष आहे मी. आपल्याच घरात वास मारत असेल तर आधी आपण नाक घालावं, मग ओरडावं.

३० ऑगस्ट

सकाळी गोदामात. रुपराव चौदा वर्षं आमचं गोदाम सांभाळतो. माणूस कसबी! डोळे मिटून धागा चिमटीत धरतो आणि सुताचा नंबर सांगतो. आजवर चुकला नाही.

एक गठ्ठा ओढला. वरून खडखडीत कोरडा. मधल्या लडीत बोट घातलं — गार. मध्ये पाणी मारायचं, वजन पुरं करायचं आणि वाचलेलं सूत मागल्या दारानं पसार! ओळखीच्या माणसांना कोरडा गठ्ठा, विधवेला ओला.

रुपराव माझ्या बोटाकडे बघत होता, मी त्याच्या तोंडाकडे. शेवटी हळूच म्हणाला, "देवाजीभाऊ, तुम्हाले मधात बोट घालाचं कोनं सांगतलं?"

"अध्यक्ष हाय गा मी," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

३१ ऑगस्ट, रविवार

गल्लीत बातमी पसरायला एक चहा पुरतो. संध्याकाळी मुकुंदा पेंटरच्या पडवीवरून गेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायची मोठी पुतळी; तिच्यासोबतचा आमच्या गल्लीचा बडग्या दरवर्षी हाच करतो. कागद, कामट्या, चिंध्या — आणि वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचं सोंग. आत हशा चालला होता. "चष्मा लाव गा, चष्मा! चष्म्याबिगर रुपराव वाटून नाही राहिला!"

हसलो मीही. घरी आलो तर कांताबाई पदरानं डोळे पुसून राहिली होती. "हासता काय? मारबतीच्याच दिवशी गोपिकाले पाहाले वर्ध्याचे पाहुणे येऊन राहिले. पोरीचा बाप दारासमोरून बडग्या बनून जाईन, तं थांबतीन का ते?"

गोपिका म्हणजे रुपरावची थोरली. तिनं कोणाचं काय बिघडवलं?

२ सप्टेंबर

सोसायटीची सभा. छप्पर उडतं की काय असा आवाज! कोणी म्हणे पोलिसात द्या, कोणी म्हणे तोंडाला काळं फासा. मुकुंदा तर थेट राज्यावर गेला — "भोसल्यांच्या वेळेस असता तं हत्तीच्या पायाखाली देल्ला असता!"

मी माझी नेहमीची गोष्ट काढली — उमरेडहून नागपूरला पायी आलो, हातात एक लोटा, इमानानं वर आलो. कांताबाई दारातून म्हणाली, "तो लोटा ठेवा आता खाली. रुपरावचं काय करता ते सांगा."

भागीरथा मागे उभी होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "त्याचा जीव घेऊन मी काय करू? मले सूत पाहिजे. कोरडं."

सभेनं निर्णय अध्यक्षांवर सोडला. सोडणारच! शिव्या खायला अध्यक्ष लागतो.

३ सप्टेंबर

राजे लोक बेइमान कारभाऱ्याचं डोकं न उडवता त्याला हद्दपार का करत असतील? दाढी करताना डोक्यात हेच. दया? छे! मारला की दोन दिवसांत लोक विसरतात, वरून त्याचीच कीव करतात. उद्याचा चोर एवढंच शिकतो की सापडू नये. हद्दपार केला की वर्षानुवर्षं कोणीतरी विचारतच राहतं — तो कुठं गेला हो? दुसरं असं, की मेलेल्याचं कसब त्याच्याबरोबर जळतं. रुपरावसारखी बोटं मला अख्ख्या इतवारीत मिळायची नाहीत.

तिसरंही एक कारण आहे. ते दाढीचं पाणी फेकताना आठवलं. पाण्याबरोबर फेकून दिलं.

४ सप्टेंबर

रुपरावला बोलावलं. आला तो पायच धरायला.

"पोलिसात नका देऊ भाऊ. गोपिकाचं —"

"उठ आधी. भागीरथाचं जेवढं सूत आटलं तेवढं कोरडं भरून दे. तुह्या हातानं, तिच्या दारात, सगळ्यायच्या समोर. आनि मंग आरमोरीले जाय."

"आरमोरीले? जंगलात? काहून?"

"आपलं कोशाचं केंद्र हाय तिथं. रेशमाचे कोसे घ्याचे, पारखाचे, इकडं धाडाचे."

सवय! विचारलंच त्यानं — "कोसे वजनावर घेतेत का?"

"नाही गा. नगावर. एक, दोन, तीन, चार. मार किती पानी माराचं ते!"

रडता रडता हसला साला. मलाही आवरलं नाही.

६ सप्टेंबर

रुपराव भर उन्हात भागीरथाच्या अंगणात लड्या वाळवत बसला. गल्ली जाता-येता बघत होती. भागीरथा प्रत्येक लडीच्या मध्ये बोट घालून मगच आत नेई. शिकली!

८ सप्टेंबर

मुकुंदा अडून बसला. बडग्या तयार, तोंड तेवढं बाकी. रुपरावचंच लावणार म्हणतो.

"त्याले शिक्षा झाली. आता पोरीले काहून देतं? बडग्याच्या गळ्यात ओलं सूत टांग, झालं."

"आनि तोंड? बिनडोक्याचा बडग्या असते का भाऊ?"

"माह्यं लाव."

"सकाळी सकाळी काही घेतली तं नाही ना?"

"अध्यक्ष कोन हाय? सूत कोनाच्या राज्यात ओलं झालं? लाव."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. मग पेन्सिल घेतली. "मिशी थोडी मोठी काढू का?"

"हाय तेवढीच काढ, लेका!"

अर्धा तास स्टुलावर बसलो. मान अवघडली.

१० सप्टेंबर

रुपराव सकाळच्या बसनं आरमोरीला. एक वळकटी, एक पेटी. गोपिकाचं लग्न झालं की घरचेही जातील. बस हलली तेव्हा खिडकीतून त्यानं हात जोडले. मी तिकडे बघितलं नाही — पानवाल्याशी उगाच बोलत राहिलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मारबत! काय गर्दी, काय धूळ! माझाच बडग्या आणि मीच पुढे. गळ्यात सुताच्या लड्या, त्यातून पाणी ठिबकतंय. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती — "ओलं सूत घेऊन जा गे मारबत! देवाजीभाऊले घेऊन जा गे मारबत!" मिशी मोठीच काढली होती हरामखोरानं.

वर्ध्याचे पाहुणे रुपरावच्या दारात उभे. मुलाचा बाप विचारत होता, "हे पुढं नाचून राहिले ते कोन?" — कोणीतरी म्हणालं, "तोच बडग्या हाय जी, आमचे अध्यक्ष!" तो पोट धरून हसला. मुलीचे वडील कुठे म्हणून विचारलं, तर कांताबाईनं ठसक्यात सांगितलं, "सोसायटीनं आरमोरीच्या केंद्रावर पाठवलं त्याह्यले."

यातला एकही शब्द खोटा नाही. सोयरीक पक्की. दोन लाडू जास्त खाल्ले.

१३ सप्टेंबर

चहाच्या आधीच भागीरथाचा माग सुरू झाला. सरळ, एकसुरी.

गल्ली म्हणते, भाऊंचं मन मोठं. उमरेडहून मी पायी आलो, हातात लोटा होता — खरं आहे सगळं. निघालो कसा, ते कांताबाईलाही सांगितलेलं नाही. धोंडबाजींच्या सुताच्या दुकानात होतो तेव्हा. एका सकाळी त्यांनी माझं बोट धरलं आणि गठ्ठ्याच्या मधल्या लडीत घातलं. "ओलं हाय का गा, देवा?" मी मान हलवली. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. कोपऱ्यातला माझा पाण्याचा लोटा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नागपूरले जाय."

मिशी सोडली तर मुकुंदानं तोंड बरोबर काढलं होतं.