रॉडनीसाठी दिलेली साक्ष

१७ ऑक्टोबर २०१७

नाकारलं! चार वर्षं थांबवून सैनिक खात्याचं तीन पानांचं पत्र. इराकमधल्या स्फोटात कान गेले, त्याचं दहा टक्के अपंगत्व आधीच मंजूर आहे. डोकं मात्र त्याचं त्याने बिघडवून घेतलं म्हणे! शाळेत हॉकी खेळताना रॉडनी बर्फावर आपटला होता, ती नोंद बरोब्बर उकरून काढली. वर तपासणीच्या डॉक्टरचा शेरा — ‘पोशाख नीटनेटका. बोलणं सभ्य. विशेष तक्रार नाही.’

शर्टाला इस्त्री मी केली होती. हात तोडून टाकावेसे वाटतात.

डॉक्टरने विचारलं, कसे आहात? आमचे साहेब म्हणाले, ‘बरा आहे की! तुम्ही?’ इथल्या पुरुषांचा पाय तुटून पडला तरी ते हेच म्हणतील.

१९ ऑक्टोबर

अपील करायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. ‘जाऊ दे ना लोर्ना, माझ्याहून वाईट हाल झालेली पोरं आहेत.’ म्हटलं, ती पोरं माझ्या घरात राहत नाहीत.

६ फेब्रुवारी २०१८

सैनिक संघटनेने आमच्यासाठी एक माणूस दिलाय. ऑर्विल टेगन. फुकट काम करतो, आणि टेबलावर फायली इतक्या की पलीकडचा टेगन अर्धाच दिसतो. ‘बाई, पारडं आपल्याकडे झुकायलाच हवं असं नाही. दोन्ही पारडी समसमान झाली तरी कौल सैनिकाला. कायदाच तसा आहे. तेवढं समसमान करून द्या.’

कसं करायचं? तर मी डोळ्यांनी पाहिलेले प्रसंग हवेत. महिना, जागा, सगळं. ‘मारहाण वगैरे असेल तर उत्तम.’

उत्तम!

रॉडनी शेजारीच बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. मारहाण करणाऱ्या माणसासारखा नाही — शाळेत तक्रार आलेल्या मुलाच्या बापासारखा.

११ फेब्रुवारी

आठवून आठवून लिहितेय. न्हाणीघराचं दार फोडलं. दोनदा अंथरूण ओलं केलं. भावाच्या लग्नात टेबलाखाली जाऊन बसला, बाहेर येईना. खाणीतली ट्रकची नोकरी गेली, कारण खाणीचा रस्ताच विसरला.

त्याला वाचून दाखवलं. ‘हे मी केलं?’ हो. ‘बरं.’ खिशातली वही काढून उतरवून घेतलं! २००६ साली इराकहून परत आल्यानंतरची तीन-चार वर्षं त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेलीत. मी सांगेन ते त्याचं आयुष्य.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आणखी दोन प्रसंग हवे होते.

९ मे

उद्या सुनावणी. दाढी करू नकोस म्हणून सांगितलं. ‘अगं, न्यायाधीशबाई आहेत...’ म्हणूनच! हसायचं नाही. बरा आहे म्हणालास तर घरी चालत ये.

वस्तरा हातात धरून उभा राहिला. मग परत ठेवला.

१० मे

झाली सुनावणी. एका खोलीत आम्ही तिघं आणि भिंतीवर पडदा. पडद्यावर न्यायाधीशबाई, पांढरे केस, समोर कॉफीचा मग. प्रेमळ वाटल्या, हीच भीती. दार, अंथरूण, लग्न — सगळ्याला मान डोलावत होत्या. दिवसभर असंच डोलवत असणार. माझ्या नवऱ्याचं ओलं अंथरूण त्यांच्या दिवसातलं तिसरं-चौथं असेल.

मग विचारलं, घरातल्या कुणाला कधी धोका?

टेगनने माझ्याकडे पाहिलं. आणि मी सांगितलं. जानेवारी २००७. आमची क्रिस्टा अकरा वर्षांची. मी दुकानातून बेकरीचं काम आटोपून आले तर पोरगी मागच्या अंगणात, बर्फात, नुसत्या मोज्यांवर. दाराला आतून कडी. आत हा टीव्ही बघतोय. ओले मोजे मी रेडिएटरवर वाळत घातले — हेसुद्धा सांगितलं! आवाजही बरोबर जागी फुटला.

बाई लिहायच्या थांबल्या. रॉडनी वळला. ‘मी?’ माइकमध्ये गेलं ते.

खोटं. धादांत खोटं, शपथेवर. कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे.

येताना गाडीत, चाळीस मैलांनंतर — ‘क्रिस्टाने मला माफ केलं का गं?’

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ती केव्हाच विसरली.

२ जून

क्रिस्टा बाळाला घेऊन आली. ओटिस आठ महिन्यांचा झाला. एरवी रॉडनी त्याच्याबरोबर जमिनीवर रांगतो. आज हात मागे बांधून भिंतीला टेकून उभा. ‘घ्या ना बाबा!’ ‘हात ओले आहेत.’ नव्हते.

‘बाबांना काय झालंय?’ म्हटलं, डोकं दुखतंय.

३ जून

खरं सांगितलं तर तो अपील मंडळाला कळवेल. रॉडनीच तो. निकाल लागू दे, मग सांगेन.

२९ ऑक्टोबर

मंजूर! सत्तर टक्के!

‘पत्नीची साक्ष तपशीलवार व विश्वासार्ह आहे, विशेषतः मुलीसंबंधीचा प्रसंग...’ टेगनचा फोन — ‘त्या एका प्रसंगावर जिंकलो आपण, बाई!’

रॉडनीने ते पान तीनदा वाचलं, ओळीखाली बोट धरून. मग घडी घातली. ‘छापून आलंय,’ एवढंच म्हणाला.

मी केक आणला होता. त्याने खाल्ला. बरा आहे म्हणाला.

४ नोव्हेंबर

गेला. हिवाळाभर क्रिस्टा बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येणार — तर हा भावाच्या शिकारीच्या झोपडीत निघाला. ‘लहान मूल आहे त्या घरात मी नको.’ घोंगड्या, शेगडी, गोळ्यांचा डबा, सगळं शिस्तीत ट्रकमध्ये लावलं.

खिडकीच्या काचेवर हात आपटला मी. अरे, खोटं होतं ते! मी रचलं! तू असलं काही केलं नाहीस!

त्याने काच खाली केली. माझ्या हातावर थोपटलं. ‘तू फार चांगली आहेस, लोर्ना.’

समजूत घालतेय असं वाटलं त्याला. प्रसंग वाचून दाखवले, सुनावणीला पढवलं, सगळं निमूट मानलं. आयुष्यात एकदा खरं बोलले, तर विश्वास नाही!

९ नोव्हेंबर

क्रिस्टाचा फोन. बाबांचं माफीचं पत्र पोचलं तिला. मी म्हटलं, अगं ऐक, ते सगळं मी — पण तिने बोलूच दिलं नाही.

‘तू तर दुकानात असायचीस, आई. मी कधी कुणाला बोलले नाही. तुला कळलं कसं?’



मग म्हणाली, ‘सुनावणीत त्यातल्या कुठल्या वेळचं सांगितलंस?’