वाय-फायवरचा अनोळखी

प्रिय भांडकुदळबाई,

फोनवर आपली गाडी 'जेवलात का' आणि 'जेवलो' यापुढे सरकत नाही, म्हणून लिहितो आहे. तुझ्याकडे राहायला येणार नाही म्हटल्यावर तू तोंड फुगवून गेलीस, ते अजून फुगलेलंच आहे. मला वाटलं, लेकीने आपलं नाव टाकलं.

असो. मध्यंतरी इंटरनेट फारच रखडायला लागलं. घरातल्या वाय-फायवर कोण कोण बसलंय ते दाखवणारं ॲप तू मोबाइलमध्ये घालून दिलं होतंस, ते उघडलं. माझा मोबाइल, टीव्ही, तुझ्या आईचा जुना टॅब, सगळे ओळखीचे. आणि खाली एक बिननावाचं: 'अनोळखी उपकरण'. डोकंच सणकलं माझं! वरच्या मजल्यावरच्या दाढीवाल्यावर माझा पक्का संशय.

जन्म टेलिफोन खात्यात गेला माझा. कुठली तार कोणाची हे कळेनासं झालं की आमची एकच रीत: सरळ तार काढायची आणि गप्प बसायचं. ज्याचा फोन मेला तो बोंबलत येतोच. तसंच त्या अनोळख्याला ब्लॉक केलं आणि वाट बघत बसलो. दाढीवाला बोंबलला तर नाहीच, उलट जिन्यात हसून नमस्कार केला मेल्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत बसलो होतो, मोबाइल आत चार्जिंगला. तेवढ्यात दारावर धाडधाड. उघडतो तर शेजारच्या डॉक्टरीणबाई, एका पायात चप्पल, हातात बीपीचं मशीन. मागे दाढीवाला, दार फोडायला हातोडी घेऊन. मला धडधाकट बघून बाई मटकन खालीच बसल्या. बाबांनी आज चहा केला नाही, फोनही उचलत नाहीत, म्हणून तू रडत त्यांना फोन केलास म्हणे.

अगं, पण केला होता की! मग माझी ट्यूब पेटली. किटलीचा तो पांढरा प्लग, तोच माझा 'अनोळखी'; किटली चालू झाली की वाय-फायवरून तुझ्या मोबाइलवर चुगली करणारा. व्होल्टेज वाढलं तर किटली जळू नये म्हणून लावते, असं सांगून तू लावून गेलीस, आणि टेलिफोनवाल्या बापाने ते खरं मानलं! आधी संताप आला, बापावर पाळत ठेवते म्हणून. मग कळलं, एवढी रुसलेली असूनही तू रोज सकाळी माझ्या चहाची वाट बघत होतीस. ओट्याशी उभा राहून रडलो, लपवत नाही. नंतर तुझा फोन आला तेव्हा 'रेंज नव्हती का' एवढंच विचारलंस, आणि मीही 'नसावी' म्हणून मोकळा झालो. प्लगचा ब्लॉक काढलाय. ॲपमध्ये त्याला नावही दिलंय, 'लेक'.

आता खरं कारण. पुढच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही असंच ठरवलं होतं. पण किटली काही दिवस बंद राहील, आणि तू पुन्हा त्या बिचाऱ्या बाईंना पळवशील. शिवाय मला भीती वाटते आहे गं. ये ना. घरी परतेन त्या सकाळी किटलीचं बटण तू दाब, साखर मी सांगेन तेवढीच घाल. चहा झाल्याचं तुझ्या मोबाइलवर येईलच.

तुझाच, आणि चहा प्यायलेला,
बाबा