मोडीचा भाव

६ ऑक्टोबर
झोपले नाही. राधा गाढ झोपलेली, जागी मीच. हे बोलले, शनिवारी कॉइन शोमध्ये जुनी नाणी विकतो, मग तुम्हा मायलेकींना इंडियाला पाठवतो. खरंच पाठवतील का, या भीतीने डोळा लागला नाही. पण पाठवतील. चिडके आहेत, खोटे नाहीत. पासपोर्ट यांच्याच तिजोरीत आहेत. सेफ राहतात.

७ ऑक्टोबर
यांनी नाणी दाखवली. अमेरिकन, सोन्याची. एका बाजूला गरुड, एका बाजूला उभी बाई. बाईच्या तोंडावर तांबूस-काळे डाग. म्हटलं, धुऊन न्या. हसले. आठवी नापास बाईने ज्ञान देऊ नये, हात लावायचा नाही, म्हणाले. मी आठवी पास आहे. सांगून काय, उगाच वाद.
एवढे शिकलेले, आणि मळकं सोनं विकायला नेतात.

८ ऑक्टोबर
शेजारच्या मीनाक्षी काकूंनी डब्यातून रिठे दिले. कशाला, विचारलं. केसांना, म्हटलं.

९ ऑक्टोबर
फोटो काढून नाणी टेबलावरच राहिली. हे ऑफिसला. रिठ्यात भिजवली, टूथब्रशने घासली. डाग हटेना, मग थोडी पितांबरी लावली. आमचा त्र्यंबकदादा सोनाराकडे पॉलिश करतो, त्याचाच हात माझा. अशी चकाकली! परत डबीत ठेवली. सरप्राइज. आता तिकीट पक्कं. बॅग अर्धी भरली.

११ ऑक्टोबर, शनिवार
म्हाताऱ्या डीलरने भिंगातून पाहिलं. मान हलवली. घासलंय म्हणे, ओरखडे पडले. जुन्या नाण्याला जुनेपणाचाच भाव असतो. आता वितळवायच्या सोन्याचा, मोडीचा भाव मिळेल.
यांनी विचारलं, कोणी हात लावला. हसत विचारलं, लोक होते ना.
विकलीच नाहीत. हायवेभर एक शब्द नाही. म्हटलं, राग गेला. घरी दार लावून बोलले, "तुझ्या भावानेही मला मोडच दिली."

१३ ऑक्टोबर
फोन यांनी ठेवून घेतलाय. मी वस्तू बिघडवते म्हणून. बरोबरच आहे. बॅग रिकामी केली. कपड्यांना सुरकुत्या पडतात.
तिकिटाचं विचारलं होतं. वेळ चुकली माझी.

१४ ऑक्टोबर
गालावर डाग आलाय, नाण्यावरच्या बाईसारखा तांबूस-काळा. घासला नाही. शिकले.
आता मला राधाकडे बघून भीती वाटते. काल तिने रडताना तोंडावर हात धरला, आवाज येऊ नये म्हणून. तीन वर्षांची नाही अजून.
काकू डबा मागायला आल्यात, दारात आहेत. तो मध्ये उभा. डब्यात काय, विचारतोय. स्वयंपाकघरातूनच म्हटलं, साखर. रिकामा डबा कोणी परत देत नाही. एवढं त्यालाही माहीत आहे.
साखरेखाली हा कागद ठेवतेय. काकू, नाहीतर जो कोणी वाचेल, त्र्यंबकदादाला फोन करा. नंबर मागे आहे. सांगा, तिकिटाची वाट बघू नको. तूच ये.