माझं रक्त आणि माळ्यावरची धूळ

३ फेब्रुवारी
ताईचा ब्लड कॅन्सर केमोने दबलाय, पण पुन्हा उसळू नये म्हणून तिला दुसऱ्या कुणाच्या तरी स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, द्यायच्यात. आज टेस्टचा रिझल्ट आला. तिच्याशी माझं पूर्ण जुळलं. तिच्या मुलीचं निम्मंच. शाळेत कधी पैकीच्या पैकी मिळाले नाहीत, ते असे मिळाले. बायको म्हणाली, यात तुम्ही अभ्यास काय केलात? दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
संकल्प : उद्यापासून पहाटे फिरणं. ताईला माल चांगला मिळाला पाहिजे.

६ फेब्रुवारी
फिरणं परवापासून. बूट चावतात.

११ फेब्रुवारी
दवाखान्यात दोन डॉक्टरांची जुंपली. मोठे डॉक्टर म्हणाले, सख्खा भाऊ पूर्ण जुळतोय, तोच घेऊ. तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, भाऊ साठीला टेकलाय. हल्ली निम्मं जुळलं तरी औषधांनी निभावतं, भाचीच्या पेशी तरुण आहेत. मी अठ्ठावन्नचा आहे. बाई हुशार आहेत, पण अनुभव कमी.
ताई टोपी सावरत म्हणाली, कुणाच्याही द्या, पण लवकर द्या, मला जगायचंय. मी रुमाल काढून नाक पुसलं. एसी फार होता.

१४ फेब्रुवारी
माझी तपासणी. बाईंनी विचारलं, कसली अ‍ॅलर्जी आहे का? दात्याची अ‍ॅलर्जी कधीकधी पेशंटकडे जाते म्हणे. शेजारी बायको बसलेली. आली का पंचाईत. लग्न झाल्यापासून मला धुळीची कडक अ‍ॅलर्जी आहे, म्हणून तर झाडणं, जळमटं, माळा सगळं बायकोकडे. नाही म्हणावं तर घरात अवघड. कडक आहे म्हणावं तर भाचीचा नंबर लागायचा. म्हटलं, दवाखान्यात सौम्य, घरी तीव्र. बाईंनी पेन खाली ठेवलं. बायको खिडकीबाहेर बघत बसली.
शेवटी मोठ्या डॉक्टरांचं चाललं. मीच.

२ मार्च
पेशी वाढवायची इंजेक्शनं सुरू. सुईला मी घाबरत नाही, फक्त तिच्याकडे बघत नाही. हाडं ठणकतायत. ताईचा दवाखान्यातून फोन. माझ्या पेशींना जागा करायला जबर केमो चाललीय, मधेच उलटीला उठून गेली, परत आली आणि मलाच धीर दिला. मी घेतला.

६ मार्च
एका हातातून रक्त मशीनमध्ये, पेशी काढून घेऊन दुसऱ्या हातात परत. सुरू व्हायच्या आधी जरा डोळे मिटून विचार करत होतो. नर्स त्याला चक्कर म्हणते.
संध्याकाळी काचेतून पाहिलं. एवढीशी पिशवी, थेंब थेंब ताईच्या अंगात जात होती. बायको घरी चला म्हणाली तरी मी हललो नाही. पायांना मुंग्या आल्या होत्या.

१९ एप्रिल
पेशी रुजल्या. ताईचा रक्तगटही आता माझा होणार. फोनवर तिला म्हटलं, माझी धडाडीही येईल. म्हणाली, नुसतं रक्त पुरे.

७ मे
ताईच्या अंगभर पुरळ, जुलाब. माझ्या पेशी तिच्या शरीराशी भांडतायत, असं होतं म्हणे, औषध वाढवलंय. जेवण गेलं नाही. लहानपणी भांडणात नेहमी ताईच जिंकायची. आताही तिनेच जिंकावं.

१० मे, पुढचं वर्ष
ताईचे रिपोर्ट स्वच्छ. रक्तात सगळ्या पेशी माझ्या. औषधं सुटली, पथ्यंही उठली. आनंदाने मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन रडलो.
दुपारी ताई घरी आली. डोक्यावर नवे कुरळे केस. चहा न घेता शिडी लावून माळ्यावर चढली. बायकोने आधीच शिडी धरलेली, म्हणजे दोघींचं ठरलेलं. जुनी गादी झटकली, पत्र्याच्या पेट्या बडवल्या, घरभर धूळच धूळ. मी दाराशी श्वास रोखून उभा. ताई शिंकली नाही.
उतरून म्हणाली, रक्त तर तुझंच आहे ना रे?
बायकोने फडकं माझ्या हातात दिलं. मी शिंकून दाखवलं. दोघींनी टाळ्या वाजवल्या.
पंखे पुसून झाले. जळमटं उद्या.